बिनगळाची दोरी

दोरी वर आली तेव्हा तिच्या टोकाला गळ नव्हता. शिसं होतं, शिशाजवळची पितळी फिरकी होती, आणि फिरकीखाली जिथे वीतभर बारीक दोरा, त्याला गळ आणि गळाला कोळंबी असायला हवी तिथे काहीच नव्हतं. वाऱ्याने रॉइसची दोरी माझ्या दोरीत गुंतली होती. तो लोकांशी बोलण्यात रंगला होता, म्हणून दोन्ही वर ओढून मीच गुंता सोडवायला बसले होते. आधी वाटलं, मासा तोडून घेऊन गेला. पण मासा तोडतो तेव्हा दोऱ्याचं कुरतडलेलं टोक मागे राहतं. इथे फिरकीची कडी मोकळी होती, गाठीचा मागमूससुद्धा नव्हता. मी मूठ मिटली. का मिटली ते सांगता येणार नाही, हात आपला आपण मिटला. जवळच पोलीस ऑफिसर पेन्या धक्क्याच्या कठड्याला टेकून कॉफी पीत होता. माणूस वाईट नाही. आमच्या प्रत्येक मेळाव्याला त्यालाच पाठवतात, आणि आमच्या डोनटना तो कधी नाही म्हणत नाही. पण त्या क्षणी त्याच्या काळ्या चष्म्यामागचे डोळे माझ्या मुठीवरच आहेत असं मला वाटलं.

आमच्या फ्लॉरिडात पिस्तूल उघडं कंबरेला लावून फिरणं हा गुन्हा आहे. परवाना खिशात ठेवा, शर्टाखाली झाका आणि खुशाल हिंडा, कोणी विचारणार नाही. उघडं लावायचं तर शिकारीला जाताना, रानात तंबू ठोकताना, नाहीतर मासे धरताना. म्हणून आम्ही मासे धरतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी टँपाच्या खाडीवरच्या जुन्या धक्क्यावर आम्ही जमतो, हातात गळाची काठी आणि कंबरेला पिस्तूल, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला समजावतो की बघा, आमच्यामुळे कोणाचं काही बिघडलं का? ही युक्ती रॉइसची. रॉइस माझा नवरा. त्याने अमुक एक गोष्ट कायद्यात बसते म्हटलं की ती बसते, असं आमच्यात सगळे मानतात. आणि त्याच रॉइसच्या दोरीला गळ नव्हता. गळ नाही म्हणजे मासेमारी नाही, आणि मासेमारी नाही म्हणजे तो सकाळपासून हजार लोकांसमोर उभा राहून गुन्हा करत होता. त्याचं तिकडे चाललंच होतं. ओहायोहून आलेल्या एका जोडप्याला तो सांगत होता, "भ्यायचं असेल तर झाकलेल्याला भ्या, बाईसाहेब. माझं दिसतंय ना? ज्याचं दिसतं तो माणूस तुम्हाला फसवत नाही." ती बाई हसली. मी त्यांच्याकडे पाठ केली, माझ्या डब्यातला एक गळ काढून त्याच्या फिरकीला बांधला, कोळंबी टोचली आणि दोरी पाण्यात सोडून दिली.

आता प्रश्न एवढाच होता की हे केलं कोणी. रॉइसची गळांची पेटी सकाळपासून बाकावर उघडी होती. तिच्यापाशी कोण कोण आलं ते मी मनात आठवायला लागले, आणि प्रत्येक वेळी मन एकाच माणसापाशी येऊन थांबत होतं. कोल्बी. रॉइससाठी कॉफी आणणारा कोल्बी, "द्या इकडे, मिस्टर रॉइस, मी धरतो काठी" म्हणणारा कोल्बी. वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करतो, तिशीचा आहे, दाढी राखतो, आणि बोलायला लागला की तरुण पोरं फोन काढून त्याचं बोलणं टिपून घेतात. दोन वर्षांपूर्वी रॉइसनेच त्याला आणला. यंदा राजधानीत, टॅलाहासीला, जे विधेयक आलंय त्यात परवानाधारकांनाच उघडं पिस्तूल लावायची मुभा आहे. रॉइस म्हणतो, मिळतंय तेवढं पदरात पाडून घ्या. कोल्बी म्हणतो, हक्काला परवाना कसला? उद्या श्वास घ्यायलाही परवाना मागतील. तो काठ्याबिठ्या टाकून, नुसतं पिस्तूल लावून सगळ्यांनी समुद्राकाठच्या रस्त्याने चालत जावं म्हणतो. अटक होऊ दे, खटला होऊ दे. "मासे धरायचं नाटक किती दिवस करायचं?" असं त्याने गेल्या बैठकीत रॉइसच्या तोंडावर विचारलं. तेव्हा निम्म्या खोलीने माना हलवल्या, आणि कोणी कोणी हलवल्या ते मी लक्षात ठेवलंय.

संशय घेणं हा माझा दोष असेल तर तो पोटापाण्याचा दोष आहे. धुलाईच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहून मी आयुष्य काढलं. कपडे यंत्रात टाकण्याआधी खिसे तपासायचे, हे माझं काम. कोणाचं लग्न कुठवर आलंय ते मला नवऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशावरून कळायचं, आणि कोट परत देताना मी "दिवस छान जावो" एवढंच म्हणायची. घरी आलं की रॉइस. तो विजेच्या कंपनीत तारांवर काम करणारा, वादळानंतर खांबावर चढून अंधार झालेल्या गावांना दिवे देणारा. तो म्हणायचा, तार मेलेली आहे असं कोणी कितीही शपथेवर सांगितलं तरी आपण तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. आमचं दोघांचं जमलं ते असं. रात्री कुलपं तो बघायचा, मग मी बघायची, आणि मग आम्ही हसायचो. इतर जोडपी एकमेकांवर विश्वास ठेवतात. आम्ही दोघं मिळून बाकीच्यांवर ठेवत नसू. त्यात फार ऊब होती, हे आज मी कबूल करते. म्हणूनच गेल्या थंडीपासून तो म्हणायला लागला की "ग्लेन, पेटीला कोणीतरी हात लावतंय," तेव्हा त्याच्याकडे निरखून पाहायचं मला सुचलं नाही. मी पेटीकडे पाहिलं, आणि मग लोकांकडे.

आणि त्याला घाबरायला कारणही होतं. ते कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. किराणा दुकानात वरच्या फळीवरचं लाह्यांचं खोकं काढायला त्याने हात वर केला, शर्ट वर सरकला, आणि मागच्या बाईला पिस्तुलाची मूठ दिसली. एवढंच. बाहेर गाडीत सामान भरत होतो तर तीन गाड्या आल्या, आणि नातवाच्या वयाच्या एका पोलिसाने त्याला डांबरावर पालथं पाडलं. उन्हाळ्याचे दिवस, डांबर तापलेलं. परवाना खिशात होता, आणि रॉइस तोंड जमिनीला लागलेलं असताना "साहेब, उजव्या खिशात, साहेब" म्हणत होता. त्या पोराला साहेब! लाह्या सगळ्या सांडल्या होत्या आणि जाणारेयेणारे त्यांवरून गाड्या नेत होते. शेवटी त्यांनी सोडलं, माफीसुद्धा मागितली. पण घरी आल्यावर त्याच्या गालातली खडी मी चिमट्याने काढत होते तेव्हा तो म्हणाला, "ग्लेन, शर्ट सरकला की मी चोर, नाही सरकला की सभ्य. असं कसं?" लोकांना आमची चळवळ म्हणजे पुरुषांचा पोरखेळ वाटतो. वाटू दे. मला त्यात तो गाल दिसतो. येत्या मंगळवारी टॅलाहासीला विधेयकाच्या समितीपुढे बोलायला त्याला एक मिनिट मिळणार होतं, आणि त्या एका मिनिटासाठी तो त्या डांबरावरून उठल्यापासून थांबला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी मार्शाचा फोन आला. मार्शा माझी धाकटी बहीण. आम्ही धक्क्यावर असतो तेव्हा ती धक्क्याच्या फाटकाशी नारिंगी शर्ट घालून, फलक धरून उभी असते, कारण विधेयक पडावं म्हणून झटणाऱ्या बायकांत ती आहे. पहिलीच्या वर्गाला शिकवायची. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरला तर काय करायचं म्हणून दार लावून, दिवे घालवून लहान मुलांना बाकांखाली गप्प बसवायचा सराव तिने वर्षानुवर्षं घेतला. "त्या पोरांना मी काय सांगू ग्लेनी," ती एकदा म्हणाली होती, "की हा कंबरेला लावलेला काका चांगला आणि तो वाईट? कसं ओळखायचं त्यांनी?" तेव्हापासून नाताळचं जेवण सोडलं तर आमचं फारसं येणंजाणं नाही. तरी फाटकातून जाताना ती आम्हाला लिंबूपाणी देते आणि आम्ही ते पितो, कारण आईने आम्हाला तसं वाढवलंय. फोनवर ती आधी हवापाण्याचं बोलली. मग म्हणाली, "ग्लेनी, रागावू नकोस. रॉइस बरा आहे ना?"

"त्याला काय धाड भरलीय?"

"आज लिंबूपाणी घेताना मला म्हणाला, डेल कुठाय, दिसला नाही बरेच दिवसांत."

डेल म्हणजे तिचा नवरा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रॉइस होता.

"चेष्टा केली असेल."

"मेलेल्या माणसाची? रॉइस?" ती म्हणाली. "तू त्याच्याकडे जरा बघ. आणि ती पिस्तुलं... घरात किती आहेत गं आता?"

आलं. तेव्हाच मला कळलं की गाडी कुठल्या स्टेशनात न्यायची होती तिला. मंगळवारच्या आत रॉइस स्ट्राउड चळलाय अशी आवई उठवली की झालं काम. मी म्हटलं, "मार्शा, तुमच्या बायकांनी ही नवी शक्कल काढलीय का?" "नाही गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज रडका होता, पण शिक्षिकांना आवाज बदलता येतात. मी फोन ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात रॉइस उभा होता. "कोण होतं?" मी म्हटलं, "मार्शा." तो म्हणाला, "डेल कसा आहे?" आणि लगेच हसला, किंवा मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती बघून हसला. मी ते हसणं घट्ट धरून ठेवलं. चेष्टाच होती, बघ.

सोमवारी कळलं की समितीची बैठक आठवडाभर पुढे ढकलली गेली. पुढचे काही दिवस मी कोल्बीवर डोळा ठेवून होते, म्हणजे फोनवरच्या आमच्या गटात तो काय लिहितो ते चारचारदा वाचत होते. गुरुवारी तो स्वतःच दुकानात आला. टॅलाहासीला घालायचा सूट आणला होता. गल्ल्यावर ठेवल्या ठेवल्या मी खिशात हात घातला.

"काय शोधताय, मिस ग्लेंडा?"

"माझं कामच आहे ते. गेल्या महिन्यात एकाच्या खिशात सुरी निघाली."

"माझ्या खिशात कंगवा आहे. तो ठेवा सांभाळून, आईने दिलाय." तो हसला. मी हसले नाही. मग त्याने मागे वळून दुकानात आणखी कोणी नाही ना ते पाहिलं, आणि मला वाटलं, आता हा बोलणार. "एक विचारू? मंगळवारी मिस्टर रॉइसच बोलणार का?"

"का? तुला बोलायचंय?"

"तसं नाही."

"तसंच आहे. दोन वर्षं त्याच्या मागे मागे फिरलास, आता त्याची जागा पाहिजे. त्याच्या पेटीतला गळसुद्धा काढायला तू कमी केलं नाहीस." बोलून गेले. तोंडातून निघून गेल्यावर मीच दचकले.

कोल्बी चिडला नाही, याचाच मला राग आला. "मिस ग्लेंडा," तो हळू म्हणाला, "त्यांच्या दोरीला दोनदा गळ मीच बांधला. एकदा एप्रिलात आणि एकदा मार्चात. त्यांना न कळू देता. ते बांधायचंच विसरतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मी पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, सोमवारी तयार होईल. तो गेल्यावर त्याच्या सूटच्या बाह्या मी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले. खोटं बोलतोय. वीस वर्षांपूर्वी मला गाठी रॉइसने शिकवल्या, डोळे मिटून बांधायला लावल्या, आणि तो विसरेल? तरीही एक गोष्ट मला छळत होती. मार्शा आणि कोल्बी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. मग दोघांनी मिळून एकच खोटं कसं रचलं?

बैठक पुढे गेल्यामुळे मंगळवारच्या आधी आणखी एक शनिवार आला, आणि त्या शनिवारी रॉइसने धक्क्यावर जादा मेळावा ठेवला. सकाळी मी गॅरेजात पाव आणि कॉफी घेऊन गेले तर रॉइस काठ्या सज्ज करत होता. पेटीला त्याने आता कुलूप घातलं होतं. किल्ली गळ्यात. मी दारातच थांबले. त्याने काठीच्या कड्यांतून दोरी ओवली, शिसं चढवलं, फिरकी बांधली, गाठ थुंकीने ओली करून दातांनी ओढली. हात अगदी पूर्वीसारखे, मला त्या हातांचा अभिमान वाटला. मग त्याने फिरकी बोटात धरली आणि तो थांबला. पुढे काहीतरी होतं हे त्याच्या बोटांना माहीत होतं. बोटं पेटीकडे गेली, कुलपाला लागली, परत आली. त्याने फिरकी पुन्हा पाहिली, गाठ पुन्हा ओढली आणि काठी भिंतीला लावून ठेवली. "झालं तयार," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की मला ओरडावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी घालून आले होते. बाकावर त्याचं पिस्तूल होतं. त्याने ते उचललं, कंबरेच्या चामडी खोळीत सरकवलं, वरचा पट्टा लावला. ज्याला गळ बांधला नाही हे आठवत नाही, त्याला ते भरलेलं आहे हे आठवतं का? आणि समोर कोण उभं आहे, हे? मी पाव बाकावर ठेवला. तो म्हणाला, "इतका वेळ तिथे काय करत होतीस?" मी म्हटलं, "तुला बघत होते." चाळीस वर्षांत हे वाक्य मी कितीतरी वेळा म्हटलं असेल. आज त्यावर तो हसला नाही.

मंगळवार होऊन जाऊ दे, असं मी गाडीत ठरवलं. एक मिनिट बोलू दे त्याला. मग डॉक्टर, मग पिस्तुलं त्याच्या भावाकडे, मार्शाची माफी, सगळं करीन. तोवर धक्क्यावर गेल्यावर कोल्बीने केलं तसं आपणही गुपचूप गळ बांधायचा. पण धक्क्यावर रॉइसने काठी हातातून सोडलीच नाही. मी म्हटलं, दे जरा धरते. तर म्हणाला, "नको. हात लावू नकोस." फाटकाशी मार्शाने माझ्या हातात लिंबूपाण्याचा पेला दिला होता आणि माझी बोटं क्षणभर धरून ठेवली होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नव्हतं. वारा पडलेला, पाणी सपाट, आणि रॉइस दोरी टाकत होता, ओढत होता, पुन्हा टाकत होता. जवळून जाणाऱ्या कोणीही वर आलेलं टोक पाहिलं असतं तर दिसलं असतं. आणि कोणीतरी पाहिलं.

ऑफिसर पेन्या जरा संकोचतच आला. "मिस्टर स्ट्राउड, एका बाईंची तक्रार आहे. म्हणतात, तुमच्या दोरीला गळच नाही. वर घ्या, मी बघतो, म्हणजे विषय संपला."

रॉइस मोठ्याने हसला. "बघा ना! हवं तितकं बघा. पोरांनो, फोन काढा रे!" पोलीस बोलायला आला की सगळ्यांनी टिपून घ्यायचं, हा आमचा रिवाज आहे आणि तोही त्यानेच घालून दिलेला. भराभर फोन वर झाले. कोल्बीने मात्र काढला नाही. तो माझ्याकडे बघत होता. रॉइसने काठीवरचं दोरी गुंडाळायचं चाक फिरवायला घेतलं, आणि मी ते चाक थांबवायला काय काय करता येईल याचा विचार करत होते. चक्कर येऊन पडावं, पेन्याच्या अंगावर कॉफी सांडावी, दोरी दातांनी तोडावी. तेवढ्यात शिसं पाण्यातून बाहेर आलं, फिरकी आली, आणि फिरकीखाली काही आलं नाही. थेंब गळत राहिले. रॉइसने दोरीचं टोक डोळ्यांजवळ धरलं. त्याचा चेहरा मी पाहिला. सगळा आत्मविश्वास त्याच्यावरून उतरला होता आणि त्याखाली भेदरलेला म्हातारा होता. त्या डांबरावर तोंड टेकलं होतं तेव्हासुद्धा तो इतका भ्यालेला नव्हता. "मी बांधला होता," तो म्हणाला. "बांधला होता मी."

"मी काढला," मी म्हटलं.

पेन्याने चष्मा वर केला. "काय म्हणालात?"

"गळ मी काढला. गाडीतून उतरताना. त्याने बांधला होता, मी काढला."

"का पण?"

काहीतरी सांगायला हवं होतं. "त्याने मंगळवारी बोलू नये म्हणून. माझी बहीण बाहेर नारिंगी शर्टात उभी आहे ना? तिला विचारा." हे तोंडून निघालं तेव्हा मार्शाचंही नाव मी त्यात घातलंय हे मला कळलं, पण आता थांबता येत नव्हतं. कोल्बी पुढे आला. "मिस ग्लेंडा, असं कशाला..." मी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. एकेक करत सगळे फोन पेन्यावरून माझ्यावर वळले. ज्यांच्या पोरांच्या वाढदिवसांना मी केक केले त्यांचे फोन. मागून कोणीतरी म्हणालं, "मला आधीपासून वास येत होता." दुसरा म्हणाला, "कुंपणच शेत खातं." मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि माझ्याच स्वरात. पेन्याने सुस्कारा सोडला, "घरचं भांडण घरी ठेवा, बाई. मिस्टर स्ट्राउड, गळ लावा नाहीतर झाका," म्हणून तो दूर गेला. त्याला अटक नकोच होती.

मी रॉइसकडे वळले. तो मला ओळखतोय ना, तो समजून घेईल, नजरेने तरी काही सांगेल, असं मला वाटत होतं.

"किती दिवसांपासून?" त्याने विचारलं.

"बऱ्याच दिवसांपासून."

आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती गेली. खांदे सैल झाले, त्याने खोल श्वास घेतला. त्याला हायसं वाटलं होतं. "म्हणजे खरंच कोणीतरी काढत होतं," तो म्हणाला. "मला वाटायला लागलं होतं, माझंच..." पुढचं त्याने गिळलं. किती रात्री तो हे एकटा उशाशी घेऊन पडला असेल, माझ्याच शेजारी! मला त्याला जवळ घ्यायचं होतं. मी हात पुढे केला, तर तो मागे सरला, आणि उजवा हात कंबरेपाशी नेऊन, पिस्तुलाची मूठ कोपराने दाबून उभा राहिला. गर्दीत कोणी हिसकावून घेऊ नये म्हणून कसं उभं राहायचं ते आम्ही नव्या लोकांना शिकवतो. तसाच.

शनिवारी धक्क्यावरून आम्ही दोघं नेहमी वाटेवरच्या खानावळीत जातो. गाडीतून उतरताना तो शर्ट बाहेर काढून पिस्तुलावर ओढून घेतो. आज ओढला नाही. मी म्हटलं, "रॉइस, शर्ट." तो म्हणाला, "बघ. अजूनही झाकायलाच सांगतेस." आत गेलो. नेहमीच्या मेजावर भिंतीकडची एक जागा त्याची असते, जिथून दार दिसतं. आमच्यातला कोणीही माणूस दाराकडे पाठ करून जेवत नाही. कोण येतंय ते बघायचं काम पुरुषाचं, असं रॉइस म्हणतो, आणि लग्न झाल्यापासून मी दाराकडे पाठ करून निवांत जेवत आलेय. आज त्याने ती जागा घेतली नाही. मला तिच्याकडे बोट दाखवलं, आणि स्वतः समोर, माझ्या आणि दाराच्या मध्ये, दाराकडे पाठ करून बसला. "पर्स वर ठेव," तो म्हणाला. तिच्यात माझं पिस्तूल असतं. मी पर्स मेजावर ठेवली. वाढणारी मुलगी आली, नेहमीचंच का म्हणून तिने विचारलं, त्याच्या कंबरेकडे पाहिलं आणि गेली. त्याचा डावा हात पर्सवर होता, उजवा मेजाखाली.

"मंगळवारी तू यायचं नाहीस," तो म्हणाला. "कोल्बी येईल माझ्याबरोबर. तो एक तरी भरवशाचा आहे."

"हो," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं, ग्लेन."

खरं सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. ते ऐकल्यावर त्याने विचारलं असतं, मग कोणी? आणि त्याचं उत्तर देताना मघाचा तो चेहरा मला पुन्हा समोर बघावा लागला असता. मी त्याच्या कॉफीत दूध घातलं, साखर घातली, ढवळून पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेला तसाच परत माझ्याकडे सरकवला. मी एक घोट घेतला. तो बघत राहिला. मग त्याने पेला ओढून घेतला आणि प्यायला.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. कोणीतरी आत आलं. रॉइसने मान वळवली नाही, तो माझ्याकडेच बघत होता. म्हणून लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, कोण आलं ते मी पाहिलं.